भिंतींची किंमत

घराची किंमत किती, याचं उत्तर आमच्याकडे कायम गुंठ्यात मिळायचं. दापोली तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव, मागे नारळ-सुपारीची वाडी, पुढे खळं आणि मध्ये पणजोबांनी बांधलेलं जांभ्याचं कौलारू घर. कुणी विचारलंच तर काका सांगायचे, "अलीकडे गुंठ्याला एवढा भाव चाललाय." की झाला हिशेब. त्या हिशेबात घर कुठेच नसायचं. पुण्यात मी राहते तिथेही निराळं काही नाही. फ्लॅटचा भाव म्हणजे पेठेचा, रस्त्याचा, मेट्रो स्टेशन किती लांब आहे याचा भाव. विटा, सिमेंट, सळया, फरशी, गवंड्याची मजुरी यांची बेरीज करून कुणी आपल्या घराकडे पाहत नाही.

ही बेरीज आम्हाला 2020 साली करावी लागली. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. रायगडला मोठा तडाखा बसला, पण बाणकोटच्या खाडीच्या अलीकडचे आमचे दापोली-मंडणगडही सुटले नाहीत. टाळेबंदीचे दिवस होते. वीज गेली, फोन बंद पडले, आणि काका-काकूंची खुशाली कळायलाच बराच वेळ गेला. कौलं उडाली होती, रिपा निखळल्या होत्या, परड्यातला रायवळ आंबा मुळासकट उपटून थेट स्वयंपाकघरावर आडवा झाला होता. वासे मोडले, आढं तेवढं जागेवर राहिलं.

वादळ दुपारी काही तासांत निघून गेलं. घराचं खरं नुकसान मात्र त्यानंतर झालं. मृगाचा पाऊस तोंडावर आलेला आणि घराला छप्पर नाही. ताडपत्री मिळेना. कौलांना मागणी इतकी की मंगलोरी कौलांचा ट्रक कधी येईल हे सांगायला कुणी तयार नव्हतं. पत्र्यांचं तेच. जुन्या घरांत जांभ्याचे चिरे मातीत बसवलेले असतात. वरून आडोसा आहे तोवर ही भिंत शंभर वर्षं उभी राहते, पण डोक्यावरचं छप्पर गेलं की ती पाणी पिते. माजघर आणि कोठाराच्या मधली भिंत अशीच भिजत राहिली आणि एका रात्री खाली बसली. वाऱ्याने तिला हातही लावला नव्हता.

त्या वर्षी सगळा किनारा वाड्यांसाठी रडला आणि ते बरोबरच होतं. नारळाला, सुपारीला धरायला वर्षं लागतात. एका दुपारीत एका पिढीची मेहनत आडवी झाली होती. पण घरांबद्दल फारसं कुणी बोललं नाही. घर आपलं, तेव्हा ते आपणच उभं करायचं, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. कुणी पतसंस्थेत सोनं ठेवलं, कुणी मुलीच्या लग्नाची ठेव मोडली, कुणाच्या मुंबईतल्या भावाने पाठवले. आमच्या घराच्या दुरुस्तीला साडेचार लाखांच्या आसपास खर्च आला. आमच्या आळीत एकाही घराचा विमा नव्हता. मोटारसायकलींचा होता, कारण तो नसला की दंड होतो.

तलाठी पंचनामा करून गेले, मदतही मिळाली. वाईट वेळी हातात आलेल्या पैशाला नावं ठेवायचा माझा स्वभाव नाही. पण ती मदत किती असते हे प्रत्येक घरमालकाला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. केंद्राने 2022 ते 2026 या काळासाठी ठरवलेल्या निकषांप्रमाणे पूर्ण पडलेल्या घराला सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार रुपये मिळतात. पक्क्या घराची निदान 15 टक्के पडझड झाली असेल तर 6 हजार 500. राज्य सरकार कधी त्यात आपली भर घालतं. हा आधार आहे, नुकसानीची भरपाई करण्याचा त्याचा हेतूच नाही. 6 हजार 500 रुपयांत आमच्या पडवीचे वासेसुद्धा आले नसते.

वादळाच्या पुढच्या वर्षी, 1 एप्रिल 2021 पासून, विमा नियामक इर्डाईने घरांसाठी एक प्रमाणित पॉलिसी आणली. तिचं नाव भारत गृह रक्षा. कंपनी कोणतीही घ्या, मुख्य मजकूर तोच. याआधी घराच्या विम्याची कागदपत्रं कारखान्यांच्या आगीच्या विम्यावरून बेतलेली असायची आणि ती वाचून आपलं घर आत आहे की बाहेर हे साध्या माणसाला कळायचं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. नव्या कौलांखाली बसून काकांनी ती रात्र जागून काढली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "ते विम्याचं तू काय म्हणत होतीस?"

मी पॉलिसीचा मजकूर घेऊन गावाला गेले. ओटीवर बसून काकांनी जे प्रश्न विचारले, तेवढे नेमके प्रश्न मी कुठल्या माहितीपत्रकात वाचलेले नाहीत.

"आंबा पडला तर?"

पडलेल्या झाडाने झालेलं नुकसान यात धरलेलं आहे. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, जमीन खचणं, दंगल, पाण्याची टाकी फुटणं, हे सगळं आहे. घरावर अशी आपत्ती आली आणि त्यानंतरच्या सात दिवसांत त्यामुळे चोरी झाली, तर तीही.

"गडगा?"

आवाराची भिंत घराच्या बांधकामात मोजली जाते. सेप्टिक टँक, पक्की पाण्याची टाकी, छपरावरचे सौर पॅनेल हेसुद्धा.

"घर परत उभं राहीपर्यंत आम्ही दोघांनी राहायचं कुठे?"

तोवरच्या भाड्याची सोय पॉलिसीत आहे. हे ऐकून काकू पहिल्यांदा आतून बाहेर आल्या. निसर्गनंतर त्या दोघांनी शेजाऱ्यांच्या पडवीत दिवस काढले होते, आणि शेजाऱ्यांनी कितीही प्रेमाने ठेवलं तरी दुसऱ्याच्या घरात रोज चूल मागायची म्हणजे काय, हे त्यांनाच ठाऊक.

"आणि वाळवी?"

वाळवी नाही. ओल नाही, जुनेपणाने कुजलेला वासा नाही, वर्षानुवर्षं झिरपून फुगलेली भिंत नाही. काका यावर जे बोलले ते मला फार पटलं. "म्हणजे शाकारणी आपणच करायची." कोकणात दर उन्हाळ्याच्या शेवटी कौलं उतरवून, साफ करून, फुटकी बदलून पुन्हा लावतात ती शाकारणी. विमा अचानक आलेल्या संकटाचा असतो, रोजच्या झिजेचा नाही, हे मला दहा वाक्यांत समजावता आलं नसतं. घराची निगा राखणाऱ्या माणसाला ते एका शब्दात कळलं. उलट, विमा आहे म्हणून शाकारणी टाळणाऱ्याला दाव्याच्या वेळी अडचण येणार. वाऱ्याने गेलेलं कौल कोणतं आणि आधीच सरकलेलं कोणतं, यावर तिथे वाद होणार.

मग आम्ही घर मोजायला घेतलं. या पॉलिसीत बांधकामाच्या विम्याची रक्कम ठरते ती चटई क्षेत्र गुणिले त्या भागातला बांधकामाचा दर अशी. जागेची किंमत त्यात येत नाही. काकांनी टेप धरला, मी वहीत लिहीत गेले. ओटी, पडवी, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, कोठार, स्वयंपाकघर, माळा. या घरात माझे सगळे उन्हाळे गेले, पण बाळंतिणीची खोली इतकी लहान आहे हे मला मोजेपर्यंत कळलं नव्हतं. वडील, काका, आत्या, सगळे त्या एवढ्याशा जागेत जन्मले. भिंतींची जाडी पाहून मी थांबले. चटई क्षेत्र म्हणजे बाहेरच्या भिंतींच्या आतलं क्षेत्र. आमच्या घरात भिंतींनीच एवढी जागा व्यापलेली की घर बाहेरून दिसतं त्यापेक्षा आकड्यात बरंच कमी भरतं. आणि खर्च तर त्या भिंतींचाच.

म्हणून दर ठरवताना गावातल्या गवंड्याला बोलावलं. आज असंच घर बांधायचं तर काय लागेल? तो हसला नाही, मनावर घेऊन बसला. चिऱ्याचा भाव, वाहतूक, सुताराची रोजी, सागाऐवजी काय वापरता येईल, एकेक सांगत गेला. असे खांब आता कुणी घडवून देणार नाही, हेही त्याने स्पष्ट सांगितलं. शेवटी चौरस फुटाला 2 हजारांच्या पुढचा दर निघाला, एकूण आकडा 25 लाखांच्या आसपास गेला. काका गप्प झाले. ज्या घराची किंमत त्यांनी जन्मभर शून्य धरली होती, ते पुन्हा उभं करायला पंचवीस लाख लागणार होते. आणि त्याचा वर्षाचा हप्ता दोन हजारांच्याही आत होता. आमच्या गाडीच्या विम्यापेक्षा कमी.

इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. हप्ता वाचवायला रक्कम कमी लिहायची सवय आपल्याकडे फार आहे. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत ही सवय महागात पडायची. घर बांधायला 20 लाख लागतात आणि विमा 10 लाखांचाच असला, तर 4 लाखांचं नुकसान झाल्यावर कंपनी निम्मेच, म्हणजे 2 लाख द्यायची. तुम्ही निम्म्या घराचाच विमा उतरवला होता, असा तो हिशेब. विम्याच्या धंद्यात याला अॅव्हरेज लावणं म्हणतात. भारत गृह रक्षा पॉलिसीत हे अॅव्हरेज काढून टाकलेलं आहे. शिवाय अनेक वर्षांची पॉलिसी घेतली तर विम्याची रक्कम दरवर्षी आपोआप 10 टक्क्यांनी वाढते, ज्यादा हप्ता न घेता. दहा वर्षांपर्यंतची पॉलिसी मिळते. भांडीकुंडी, फर्निचर, कपडे या घरातल्या सामानाला बांधकामाच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, यादी न देता संरक्षण असतं. दागिन्यांसाठी मात्र वेगळं सांगावं लागतं. माझ्या मते गेल्या काही वर्षांत सामान्य माणसासाठी झालेलं हे सगळ्यात चांगलं विम्याचं काम आहे आणि त्याची सगळ्यात कमी वाच्यता झाली आहे.

अर्थात पैसे भरून लगेच पॉलिसी हातात आली, असं आमच्याकडे झालं नाही. ग्रामपंचायतीच्या असेसमेंटच्या उताऱ्यावर, नमुना 8 वर, अजून आजोबांचं नाव होतं. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झालेली. घरात ज्याचा हितसंबंध आहे तोच घराचा विमा उतरवू शकतो, आणि तो कागदावर दिसावा लागतो. मग वारस नोंद आली, आत्याची संमती आली, माझ्या वडिलांच्या मृत्यूचा दाखला आला. कोकणातली निम्मी जुनी घरं अशीच सामाईक आहेत. सगळ्यांची, म्हणून शाकारणीला कुणाचीच नाहीत. गणपतीला भरतात आणि एरवी कुलूप. घरपट्टी एक भरतो, दुरुस्ती दुसरा करतो, हक्क सगळे सांगतात. विम्याच्या निमित्ताने आम्हाला बसून ठरवावं लागलं की घर पडलं तर आलेल्या पैशातून ते पुन्हा बांधायचं, वाटून घ्यायचं नाही. आत्या म्हणाली, "हे माझ्या देखत लिहून ठेवा." ठेवलं.

आमची पॉलिसी हातात येण्याआधीच 22 जुलै उजाडला. वाशिष्ठीचं आणि शिवनदीचं पाणी चिपळुणात शिरलं, कित्येक इमारतींचा तळमजला पूर्ण बुडाला. 2005 च्या 26 जुलैच्या खुणा जिथे भिंतींवर होत्या, त्यांच्याही वर यंदाचं पाणी गेलं, असं चिपळूणचे नातेवाईक सांगत होते. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली.

तळियेपाशी येऊन माझं विम्याचं सगळं बोलणं अडतं. ऐंशीहून अधिक माणसं गेली. बांधकामाचा विमा एक गोष्ट गृहीत धरतो, की भिंती पडल्या तरी खालची जमीन राहील आणि तिथे पुन्हा बांधता येईल. तळियेत जमीनच राहिली नाही. 2014 च्या 30 जुलैला माळीणमध्ये हेच झालं, 2023 च्या 19 जुलैच्या रात्री इर्शाळवाडीत हेच. दरडीने पडलेल्या बांधकामाचे पैसे पॉलिसी देते, पण जागेचे नाही, आणि नवी जागा शोधायचं काम कुठलीही विमा कंपनी करत नाही. ते पुनर्वसन सरकारलाच करावं लागतं आणि तेही दरड पडायच्या आधी व्हायला हवं. इर्शाळवाडीतल्या ठाकर आदिवासींना हप्ता भरा असं सांगणं क्रूरपणाचं आहे. डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांसाठी विमा हे उत्तर नाही, आणि सगळ्या आपत्तींवर विम्याचं औषध सांगणाऱ्यांनी हे आधी कबूल करावं.

पण बाकी महाराष्ट्राचं काय? "आमच्याकडे काही होत नाही" हे वाक्य मी देशावर फार ऐकते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेपर्यंत किल्लारीतही हेच म्हटलं जात असणार. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, उन्हाळ्यात थंडगार राहणारी ती घरं पहाटे चारच्या आत लोकांच्या अंगावर आली. जवळपास दहा हजार माणसं गेली. देशाच्या त्या वेळच्या भूकंप नकाशावर हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो पहिला पट्टाच पुढे 2002 च्या सुधारणेत नकाशावरून काढून टाकला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला. नकाशे माणसं काढतात, आणि जमीन हलल्यावर ते दुरुस्त करतात.

शहरातल्या फ्लॅटवाल्यांचा गोंधळ वेगळा आहे. माझ्या ओळखीच्या बहुतेकांना वाटतं की आपल्या घराचा विमा आहे, कारण कर्ज घेताना बँकेत कसल्याशा विम्याच्या कागदावर सही केली होती. तो कागद काढून बघा, असं मी प्रत्येकाला सांगते. पुष्कळदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा निघतो. कर्ज घेणारा गेला तर कर्ज फेडलं जाईल. चांगलंच आहे, पण आग लागून भिंती काळ्या पडल्या तर त्या कागदातून एक पैसा मिळत नाही. आणि जिथे खरंच बांधकामाचा विमा असतो, तिथे कर्ज फिटल्यावर तो कधी संपला हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

फ्लॅटमध्ये आणखी एक अडचण आहे. माझ्या भिंती कुठे संपतात? माझ्या घराला उभं धरणारा खांब खालच्या पाच घरांतून येतो. गॅस सिलिंडरचा स्फोट चौथ्या मजल्यावर होतो आणि तडा जिन्याला जातो. एकट्याने आपल्या फ्लॅटचा विमा काढून जिना, लिफ्टची खोली, गच्ची, पाण्याच्या टाक्या सुरक्षित होत नाहीत. तो विमा सोसायटीनेच काढायला हवा. आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीच्या विम्याची तरतूद आहे आणि हप्ता सदनिकांच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाटून घ्यायचा, असंही त्यात आहे. तरी कितीतरी सोसायट्यांच्या ताळेबंदात विम्याचा रकाना वर्षानुवर्षं कोरा दिसतो. कारण विचारलं की उत्तर मिळतं, "आता रिडेव्हलपमेंटलाच जायचंय." ती बोलणी दहा वर्षं चालतात. तोवर शंभर कुटुंबं त्याच इमारतीत झोपतात.

सरकारबद्दलही एक तक्रार नोंदवते. सप्टेंबर 2025 मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढून टाकला, त्याचा मला आनंद झाला. घराच्या विम्यावर मात्र 18 टक्के तसाच राहिला. रक्कम छोटी आहे हे खरं. पण जो विमा घ्यायची लोकांना सवयच नाही, तो घेणाऱ्याला थोडं उत्तेजन मिळालं असतं.

गावच्या घराचे फोटो मी आता दर वर्षी शाकारणी झाली की काढते. छप्पर आतून आणि बाहेरून, प्रत्येक भिंत, प्रत्येक खांब, मीटर, टाकी, गडगा. दुरुस्तीची बिलं त्याच फोल्डरमध्ये जातात, आणि त्याची एक प्रत आत्याच्या मुलाकडे असते, कारण घर पडलं तर कागद घरातच अडकलेले असतील. काकांना एवढंच पक्कं सांगितलं आहे की काही झालं तर आधी कंपनीला फोन, मग फोटो, मग ताडपत्री. नुकसान वाढू नये म्हणून आडोसा करायला हरकत नाही, तो करायलाच हवा. पण नुकसान मोजणारा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत फुटकी कौलं आणि मोडके वासे परड्यात तसेच राहू द्यायचे. दावा अन्यायाने नाकारला तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते, त्याचं कार्यालय पुण्यातही आहे आणि मुंबईतही. त्याचा पत्ता काकांनी कॅलेंडरच्या मागे लिहून घेतला आहे.

आमच्या आळीतल्या आणखी काही घरांनी त्यानंतर पॉलिसी घेतल्या. दोघांचं काम वारस नोंदीपाशी अडलं आहे, एकाचे भाऊ बोलत नाहीत. गवंड्याला आता दर विचारायला लोक येतात आणि तो विचार करून सांगतो.

पुण्यात आमच्या सोसायटीची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरच्या आत व्हायची आहे. इमारतीच्या विम्याचा विषय अजेंड्यावर घ्यावा म्हणून मी सचिवांना पत्र दिलं आहे. सोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घेतलेला आकडा जोडला आहे, ही इमारत आज पुन्हा बांधायला काय खर्च येईल याचा, आणि प्रत्येक घराच्या वाट्याला वर्षाला किती हप्ता येईल याचाही. चौथ्या मजल्यावरच्या देशपांडे काकूंनी पत्र वाचून पाठिंब्याची सही केली आहे. आणखी सह्या गोळा करायला या रविवारी आम्ही दोघी मजल्या-मजल्यावर जाणार आहोत.